मांत्रिक ते यांत्रिक: 'द लॉजिकल साँग' मराठीत आणायचं तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. नववीच्या मुलांना स्नेहसंमेलनात सुपरट्रॅम्प या ब्रिटिश रॉक बँडचं 'द लॉजिकल साँग' मराठीत म्हणायचं आहे. तुम्ही पहिलं कडवं उतरवलं. 'अद्भुत, चमत्कारिक, रमणीय, जादुई' आणि पुढे 'समंजस, तर्कशुद्ध, जबाबदार, व्यवहारी' अशी विशेषणं घातली, अक्षरंही मोजून बसवली. मुलांनी ऐकलं आणि म्हणाली, "टीचर, हे निबंधासारखं वाटतंय." अर्थ चुकलेला नाही, तरी गाणं गेलं कुठे, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की मूळ गाण्यातली बोर्डिंग शाळा काढून तिथे आपले क्लास घालावेत का.

मी बावीस वर्षं डबिंगची गाणी लिहितोय. मुलांच्या कार्टूनची, जाहिरातींची, कधी एखाद्या नाटकाचीही. तयार चालीवर आणि हलत्या ओठांवर मराठी शब्द बसवणं हेच माझं काम. त्यामुळे तुमच्या मुलांचा शेरा वाचून हसू आलं. हा शेरा मीही खाल्लेला आहे, फक्त मला तो पैसे देणाऱ्या माणसाने दिला होता.

आधी एक बारीक गोष्ट. 'चमत्कारिक' आजच काढून टाका. चमत्कार म्हणजे मिरॅकल हे खरं, पण 'चमत्कारिक माणूस' म्हटलं की आपल्याला विक्षिप्त, तऱ्हेवाईक माणूस दिसतो. 'आयुष्य किती चमत्कारिक होतं' हे वाक्य बालपणाबद्दलचं न वाटता घटस्फोटाबद्दलचं वाटतं.

आता गाण्याकडे. ते मार्च १९७९ मध्ये 'ब्रेकफास्ट इन अमेरिका' या अल्बममधून आलं, अमेरिकेत सहाव्या आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि त्याला गीतकार-संगीतकारांचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कारही मिळाला. श्रेय रिक डेव्हिस आणि रॉजर हॉजसन या जोडीच्या नावावर असलं तरी गाणं हॉजसनचं आहे आणि गायलंयही त्यानेच. मुलाखतींमधून त्याने सांगितलंय की दहा वर्षं बोर्डिंग शाळेत काढून तो बाहेर पडला तो डोक्यात प्रश्न घेऊनच. कसं वागायचं ते सगळं शिकवलं, पण आतल्या माणसाबद्दल कोणी बोललंच नाही, अशी त्याची तक्रार. या बँडचा १९७४ चा 'क्राइम ऑफ द सेंच्युरी' हा अल्बमही 'स्कूल' नावाच्या गाण्यानेच सुरू होतो, त्यात मैदानावरच्या मुलांचा कालवा ऐकू येतो. म्हणजे ही ठसठस जुनी होती. १९७९ मध्ये ती नाचता येईल अशा ठेक्यावर आली, एवढंच.

पण हे सगळं बाजूला ठेवून फक्त शब्द कानावर घ्या. विशेषणांच्या माळा लागतात, बहुतेक चाराचाराच्या. पहिल्या माळेत वंडरफुल, ब्यूटिफुल, मॅजिकल. मग याला दूर पाठवतात आणि माळ होते सेन्सिबल, लॉजिकल, प्रॅक्टिकल. पुढे क्लिनिकल, सिनिकल. चाल तीच, ठेका तोच, शेवटचा 'कल'ही तोच. 'मॅजिकल' आणि 'लॉजिकल' यांच्यात फरक किती? तोंडातल्या पहिल्या आवाजापुरता. मूल जादूच्या शब्दांची माळ ओढत चाललंय आणि कधी मणी बदलले ते त्याला कळत नाही, ऐकणाऱ्यालाही कळत नाही. माझ्या मते गाण्याचा सगळा जीव या फसवणुकीत आहे. निरागसता जाताना कोणी दार आपटत नाही. यमक जुळत राहतं आणि आतला माल बदललेला असतो.

तुमच्या मसुद्यात नेमकं हेच निसटलंय. 'अद्भुत'चं टोक एक, 'रमणीय'चं दुसरं, 'जादुई'चं तिसरं. पुढे 'समंजस'ला 'जबाबदार'शी काही देणंघेणं नाही. प्रत्येक शब्द अर्थाने बरोबर आणि प्रत्येक जण आपापल्या घरचा. त्यामुळे ती यादी होते आणि यादी म्हणजे निबंध. मुलांचा कान तयार आहे, त्यांचं ऐका.

मग मराठीत असं एकच टोक सापडेल का, ज्यात लहानपणही मावेल आणि शाळाही? मोठेपणाचं टोक तर ढिगाने पडलंय: 'इक'. तार्किक, बौद्धिक, नैतिक, आर्थिक, मासिक, वार्षिक. आपली सगळी सरकारी, शालेय, अर्जातली मराठी 'इक'वर चालते. शिवाय हे शब्द चालीत अगदी चपखल बसतात. इंग्रजीत 'लॉजिकल'चा जोर पहिल्या अक्षरावर, मागे दोन हलकी अक्षरं. तुमची मुलं गण शिकत असतीलच, त्यांनाच विचारा. तार्किक: गुरू, लघू, लघू. यमाताराजभानसलगामधला 'भानस', म्हणजे भ गण. बौद्धिक तसाच, नैतिक तसाच. जिथे मूळ शब्दाच्या आधी एखादं जास्तीचं अक्षर लागतं, म्हणजे 'रिस्पॉन्सिबल'सारख्या जागी, तिथे 'सामाजिक' जातो. आणि 'इंटलेक्चुअल'च्या पाच अक्षरांवर 'व्यावहारिक' ठेवून बघा. जोर बरोबर 'हा'वर येतो. मी हे पहिल्यांदा टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं तेव्हा बायको म्हणाली, पुरे.

खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे. लहान मुलाच्या तोंडी 'इक' कुठून आणायचा? आपलं लहानपण तर चिवचिव, खळखळ, लुकलुक असल्या शब्दांत जातं. हा मोह मलाही झाला होता: पहिली माळ नादाच्या शब्दांची, दुसरी 'इक'ची. ऐकायला गोड लागतं, करून बघाच. पण मग फसवणूक उरत नाही. मणी बदलले हे आंधळ्यालाही दिसतं, आणि गाणं 'तेव्हा गोड, आता कडू' एवढंच सांगायला लागतं.

मी दोन-तीन दिवस हा एकच चाळा केला. भाजी आणताना, लोकलमध्ये, दाढी करताना, 'इक'ने संपणारे पण शाळेत न जाणारे शब्द. आणि सापडले. माणिक. आणिक. 'आणिक' आता कोणी बोलत नाही, पण आजीच्या गोष्टीत मूल 'आणिक सांग' म्हणतंच, आणि ज्याला सगळंच आणखी हवंय त्या वयाचा याहून चांगला शब्द मला माहीत नाही. मौक्तिकही बसतं, पण ते फार पुस्तकी आहे. घरात आपण माणिक-मोती म्हणतो, त्यामुळे मौक्तिक मी ठेवलं नाही. टोक थोडं सैल केलं तर 'कौतुक' येतं, 'इक'च्या ऐवजी 'उक', गाताना कोणाला कळत नाही. माळेच्या सुरुवातीला कानाला तयार करायचं असेल तर सुंदर, मंजुळ, गंमत हेही भ गणातलेच आहेत. ते टोकाशी जुळत नाहीत, पण ठेका धरून ठेवतात.

मग दोन जोड्या मिळाल्या आणि त्यांच्यासाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे.

पहिली: अलौकिक आणि लौकिक. पहिल्या माळेत अलौकिक ठेवायचं, दुसऱ्या माळेत बरोबर त्याच जागी लौकिक. फक्त 'अ' जातो. लौकिक म्हणजे जगातलं, व्यवहारातलं, आणि लौकिक म्हणजे नाव, कीर्ती, ज्यासाठी आईबाप मुलाला शाळेत घालतात तेही. इंग्रजीला हे जमलेलं नाही. मूळ गाण्याहून एक पाऊल पुढे जायची संधी भाषांतरात क्वचित मिळते, मिळाली तर सोडू नये.

दुसरी: मांत्रिक आणि यांत्रिक. 'मॅजिकल-लॉजिकल'सारखाच पहिल्या आवाजापुरता फरक. इथे मात्र एक धोका आहे, तो लपवत नाही. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या मराठी माणसाला 'मांत्रिक' म्हटलं की भोंदूबाबा दिसतो, लिंबू-मिरची आणि पोलीस कोठडी दिसते. शिवाय ते नाम आहे, विशेषण म्हणून ताणलं तर तुटतं. मी ते नामच ठेवीन आणि चंद्राला किंवा रात्रीला लावीन: चंद्र मांत्रिक. मुलाच्या नजरेतून ते चालतं. तुमच्या गावी, तुमच्या प्रेक्षकांत चालेल की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही. चार मुलांना वाचून दाखवा. हसली तर काढा.

दुसऱ्या माळेसाठी माझ्याकडे एक लाडका शब्द आहे: पौष्टिक. त्याची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बिस्किटाच्या जाहिरातीचं गाणं होतं, आणि कंपनीच्या माणसाला वीस सेकंदांत 'पौष्टिक' तीनदा हवा होता. गायला आठ वर्षांची मुलगी. तिच्या तोंडून दर वेळी 'पोस्टिक' यायचं. बाराव्या टेकनंतर मी काचेच्या आत जाऊन तिला उच्चार समजावू लागलो, तर ती म्हणाली, "काका, पौष्टिक म्हणजे जे आवडत नाही ते ना?" गाणं तसंच गेलं, पोस्टिकसकट. पण तेव्हापासून मला वाटतं, मोठ्यांनी मुलांच्या जगात आणलेला पहिला 'इक' हाच असावा. खाऊ होता, तो पौष्टिक झाला. 'सेन्सिबल'च्या जागी हा टाकून बघा. कोशातला अर्थ जुळत नाही, जागा मात्र तीच आहे.

इथवरचं एकत्र करायचं तर पहिल्या माळेचा सांगाडा सुंदर, आणिक, अलौकिक, मांत्रिक, आणि दुसरीचा पौष्टिक, तार्किक, लौकिक, यांत्रिक. मधल्या ओळी तुम्ही लिहा. मी मुद्दाम पूर्ण कडवं देत नाही, एक तर ते तुमचं काम, आणि दुसरं कारण हक्कांचं, त्यावर पुढे येतो.

गाताना एक अडचण हमखास येईल. बोलताना आपण 'तार्किक्' म्हणतो, शेवटचा अकार गिळतो. मग तीन सुरांच्या जागी दोनच अक्षरं उरतात. आरतीत, अभंगात आपण तो अकार बिनदिक्कत म्हणतो, पण रॉकच्या ठेक्यावर 'तार्किकऽ' म्हटलं की टाळ ऐकू यायला लागतात. मी काय करीन ते सांगतो, नियम म्हणून घेऊ नका. पहिल्या माळेत अकार हलकासा ठेवीन, अलौकिकऽ, म्हणजे शब्द उघडा राहतो, लहान मुलाच्या उघड्या तोंडासारखा. दुसऱ्या माळेत तो कापीन. तार्किक्. पौष्टिक्. लौकिक्. शेवटच्या सुराची जागा रिकामी सोडायची, तिथे फक्त ढोल. टोक तेच, पण आता ते मिटलेलं. मुलांना हे शब्दांत समजावू नका, एकदा म्हणून दाखवा, पटकन उचलतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, क्लासचा. मूळ गाणं पुन्हा वाचा. त्यात शाळा हा शब्दच नाही. बोर्डिंग नाही, मास्तर नाही, फळा नाही. 'त्यांनी' पाठवलं, एवढंच. कोणी, कुठे, काही नाही. बोर्डिंग आपण हॉजसनच्या मुलाखतींमधून आत आणलंय. क्लास घातलात की गाणं एकदम लहान होईल: क्लासची फी, गृहपाठ, विनोद. लोक हसतील आणि सुटतील. मराठीत तर आणखी सोय आहे, कर्ता न सांगता वाक्य पुरं होतं. 'मला पाठवलं.' कोणी ते विचारायचं नाही. घरातल्या मुलाला कळतच असतं कोणी. ही दोन अक्षरं वाचवलेलीही तुम्हाला चालीत उपयोगी पडतील. अर्थात तुमचा कार्यक्रमच क्लासेसवरच्या एखाद्या नाटुकल्याचा भाग असेल तर गोष्ट वेगळी. मग बिनधास्त घाला, पण मग ते हे गाणं नव्हे, त्याच्या चालीवरचं विडंबन, आणि तसं जाहीर करा.

दुसऱ्या कडव्यात लेबलं लावायला सुरुवात होते: रॅडिकल, लिबरल, फॅनॅटिकल, क्रिमिनल. इथे आजच्या टीव्हीवरच्या शिव्या घालायचा मोह होईल. तुमच्या मसुद्याखालच्या टिपणात दोन दिसल्याच. नका घालू. एक तर संमेलनाला अर्धे लोक एका बाजूचे आणि अर्धे दुसऱ्या बाजूचे असतात, आणि गाणं तिथेच संपून भांडण सुरू होईल. त्याहून मोठं कारण असं की मूळ यादीत परस्परविरोधी लेबलं एकाच दमात आहेत, उदारमतवादीही आणि माथेफिरूही. लावणाऱ्याला फरकच पडत नाही, हा त्यातला टोमणा. मी नास्तिक, दांभिक घेऊन तिथून हळूच टोक बदलीन: हिंसक, घातक. 'इक'चा 'अक' झाला. का, ते आता बघा.

कारण पुढची माळ गाण्यातली सगळ्यात खट्याळ आहे. याच्याकडून सही मागतात आणि म्हणतात, तू आम्हाला मान्य, आदरणीय, नीटनेटका असा हवास, आणि चौथा शब्द येतो 'व्हेजिटेबल'. तीन सभ्य विशेषणं आणि मग धाडकन भाजी. इंग्रजीत तो शब्द जिवंत पण निर्जीव झालेल्या माणसालाही लावतात. मराठीत 'भाजी' म्हणून काहीच होत नाही. तुम्ही 'भोपळा' सुचवलाय. वाईट नाही, पेपरातला भोपळा मुलांना लगेच कळेल. पण भोपळा माळेत बसत नाही, तो बाहेरून येऊन आपटतो, आणि पेपरात भोपळा मिळवणारा तर वाया गेलेला मुलगा. गाण्यातला मुलगा वाया गेलेला नाही, तो फारच छान तयार झालाय.

'अक'ची माळ लावा: लायक, सेवक, ग्राहक. सगळे भ गणातले, सगळे समाजाला हवे असलेले. आणि चौथा?

पालक.

भाजीही तीच आणि माणूसही तोच. मूल शेवटी होतं तरी काय, तर पालक. मला हे सुचलं तेव्हा मी एकटाच स्वयंपाकघरात उभा होतो आणि समोर खरोखर जुडी निवडून ठेवलेली होती, त्यामुळे यात माझी हुशारी फारशी नाही. फक्त एक करा, या शब्दानंतर वाद्यं एक पूर्ण आवर्तन थांबवा. हा विनोद दोन टप्प्यांत पोचतो. आधी मुलं हसतील, मग पहिल्या दोन रांगा. त्या रांगांत पालकच बसलेले असतील.

ध्रुवपदाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मराठीत ते सगळ्यात सहज बिघडतं. रात्र झालीय, जग झोपलंय, आणि हा साधा माणूस विचारतोय की आपण काय शिकलो ते सांगा, मी कोण आहे ते सांगा. 'मी कोण' असं मराठीत म्हटलं रे म्हटलं की मागून 'कोऽहम्' येतं, आत्मा येतो, तंबोरा लागतो. तुमच्या मसुद्यात 'निजस्वरूप' आलंच आहे. हॉजसनला स्वतःला अध्यात्माची ओढ आहे हे खरं, पण गाण्यात बोलणारा माणूस तत्त्वज्ञ नाही. हा प्रश्न हास्यास्पद वाटेल हे मला माहीत आहे, असं तोच म्हणतो. तो ओशाळलेला आहे.

मी पाचवीत वसतिगृहात गेलो. वडिलांनी पत्र्याची ट्रंक घेतली आणि रंगाऱ्याकडून झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घालून आणलं: आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं, खाली सत्तेचाळीस. घरी मला बंडू म्हणत. पहिल्या रात्री दिवे गेल्यावर मी झाकणावरून बोट फिरवत होतो. रंग अजून ओला होता, दुसऱ्या दिवशी आडनावातला एक काना पुसट झालेला दिसला आणि बोटाला पांढरा डाग. मला तेव्हा 'मी कोण' असा प्रश्न पडला नव्हता. मला वाटलं होतं, इथे कोणाला सांगायचं की मी बंडू आहे, आणि सांगितलं तर हसतील का. ध्रुवपदाचा सूर मला तिथला वाटतो. म्हणून शब्दही तिथलेच हवेत. इंग्रजीतलं 'प्लीज' पुन्हा पुन्हा येतं. त्याला 'कृपया' लावाल तर रेल्वेची घोषणा होईल. आपल्याकडे त्याचं काम 'ना' करतो. 'सांगा ना.' यात आर्जव आहे, मोठ्यांना 'सांगा' म्हणण्याची अदबही आहे, आणि 'ना'मध्ये ते हरवलेलं मूलही आहे. इथे यमक जुळलं नाही तरी चालेल. ही जागा साधीच राहू द्या.

कोणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल की शेवटी 'लहानपण देगा देवा' जोडा, मस्त मराठी होईल. तुकोबा तिथे बालपण मागत नाहीत. ते लहान होणं, नम्रपणा मागताहेत. मुंगीला साखर मिळते आणि ऐरावताला अंकुशाचा मार, असा तो हिशोब आहे. बालपणाच्या आठवणींवर तो अभंग चिकटवायची आपल्याला सवय लागलीय. आणि या गाण्याला लहानपण परत नकोच आहे. त्याला मधे काय झालं ते विचारायचंय.

शेवटाकडे सॅक्सोफोन आणि उंच आवाजातली बडबड सुरू होते, त्यात 'डिजिटल' शब्द अडखळत येतो आणि पाठोपाठ एक बीपबीप ऐकू येतं. तो आवाज त्या काळातल्या मॅटेल कंपनीच्या हातात धरायच्या फुटबॉल खेळाचा आहे. 'डिजिटल'चं भाषांतर करू नका, तो शब्द आता आपल्या शाळांच्या फलकांवर मराठीतच असतो. खेळाच्या जागी मुलांना त्यांच्या फोनमधला हवा तो आवाज निवडू द्या. सॅक्सोफोन नसेल तर क्लॅरिनेट चालेल. बँडवाल्यांकडे मिळतं आणि या चालीला लागतं तसं जरा निर्लज्जही वाजतं.

हक्कांचं थोडक्यात. भाषांतर करण्याचा हक्क आपल्या १९५७ च्या कायद्यानेही मूळ हक्कदाराकडेच असतो. शाळेच्या आवारात शाळेतल्याच लोकांसमोर म्हणणं आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी परवानगीशिवाय करू नका, आणि कोणी उत्साही पालक करणार नाही ना तेही बघा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

राहिला गायक. तुम्ही लिहिलंय, नववीतला जो मुलगा उत्तम गातो त्याचा आवाज नुकताच फुटायला लागलाय, म्हणून एखाद्या मुलीला द्यावं का. मूळ पट्टी पांढरी एकच्या मायनरची, म्हणजे सी मायनर, आहे आणि हॉजसन फार वर गातो. या मुलाला तिथे उभं करू नका, घसा जाईल. तीन-चार सूर खाली आणा, कीबोर्डवर बटण दाबून होतं. मुलांनी २००१ चं स्कूटर या जर्मन ग्रुपचं धावतं रूप ऐकलं असेल तर ती वेगही वाढवा म्हणतील. तेवढा वाढवू नका, 'व्यावहारिक' कोणाच्याच तोंडात मावणार नाही. पण गाणं त्याच मुलालाच द्या. पहिलं कडवं हवं तर पाचवीतल्या एखाद्या पोराकडून म्हणून घ्या आणि 'मला पाठवलं'पासून याने उचलावं. 'सांगा ना'वर त्याचा आवाज चिरकेल. सरावात चिरकला तर त्याला थांबवू नका, आणि त्या दिवशी चिरकला तर माइकवाल्याला आधीच सांगून ठेवा, आवाज कमी करू नकोस म्हणून.